उन्हाळ्यातले ॲनिमेशन आणि भुताचे पिक्चर : किती चालणार हे आधी कसं ओळखायचं?

कॅन्टीनवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावात एका थिएटरात माझं कॅन्टीन आहे, वर्षाच्या ठेक्यावर, सात वर्षं झाली. इथं आकड्यांची जाण असलेली माणसं आहेत म्हणून विचारूलोय.

उन्हाळा आला की दोन तऱ्हेचे पिक्चर लागतातच, एक पोरांचे ॲनिमेशनवाले आणि दुसरे भुताचे. मोठ्या हिरोचा पिक्चर असला की माझा अंदाज बरोबर येतो पण ह्या दोन्हीत दरवेळी गडबड होते, शो सुटल्यावर लोक काय बोलत बाहेर येतात ते ऐकतो तरी. एकदा भुताच्या पिक्चरला शुक्रवारी सेकंड शो फुल्ल, शनिवार रविवार पण फुल्ल, वितरकाचा माणूस सांगून गेला की दोन आठवडे हा हलत नाही बघा, म्हणून मी सोमवारसाठी अडीचशे समोसे सांगितले. सोमवारी फर्स्ट शोला माणसं किती तर अडतीस. मंगळवारी त्याहून कमी. समोसे वाटून टाकले. आणि पुढच्याच महिन्यात बरोबर उलटं झालं, पोरांचा पिक्चर होता, शुक्रवारी हॉलमध्ये डोअरकीपर आणि दहा वीस माणसं, म्हणून मी रविवारचं सामान निम्मं केलं आणि रविवारी मॅटिनीला आई बाप आजी आत्या सगळी पोरं घेऊन हजर. इंटरव्हल सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर सगळं संपलं. एक बारकं पोरगं काउंटरला लोंबकळून रडूलालं आणि माझ्याकडं त्याच्या हातावर ठेवायला काय नव्हतं, ते अजून डोळ्यापुढनं जात नाही.

तर शुक्रवारचा आकडा बघून पुढचं सांगता येतं काय? नसेल येत तर काय बघायचं? पोरगा म्हणतो नेटवर अमेरिकेचे अंदाज येतात ते बघा. त्याचा इथं उपयोग होतो काय?

मॅटिनी_मास्तर

काका, ह्या दोन प्रकारच्या पिक्चरची चालच एकमेकाच्या उलटी आहे, म्हणून एकाच मापानं मोजलं की दोन्हीकडं चुकतं. मी बरीच वर्षं रोजचे आकडे वहीत लिहून ठेवतो त्यामुळं जरा सविस्तर सांगतो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

ट्रेडमधली लोकं ज्याला मल्टिप्लायर म्हणतात ते म्हणजे पूर्ण रनची कमाई भागिले पहिल्या वीकेंडची कमाई, एवढंच. पहिल्या तीन दिवसात १० आले आणि शेवटी ३० झाले तर तीन पट. भुताच्या पिक्चरला अमेरिकेत हे साधारण दोन ते अडीच पट असतं, चांगल्या ॲनिमेशनला तीन, चार, कधी त्याच्यावर. २०२४ च्या जूनमध्ये इनसाइड आउट २ आला तेव्हा आधीचे अंदाज ८०-९० मिलियन डॉलरचे होते आणि पहिल्या तीन दिवसात आले १५४. म्हणजे ज्यांचा हा धंदाच आहे त्यांचा अंदाज सुद्धा एवढा चुकला. आणि तो तिथंच थांबला नाही, एकट्या अमेरिका-कॅनडात ६५० मिलियनच्या वर गेला, सवाचार पट झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये एलिमेंटल जेमतेम ३० मिलियनला उघडला, सगळ्यांनी शनिवारी सकाळीच फ्लॉप लिहून टाकला, आणि तो हळूहळू चालत चालत १५४ वर गेला, पाच पटीच्या वर. शुक्रवार बघून ज्यांनी लिहिलं ते सगळे तोंडावर पडले, तुमच्या रविवारच्या सामानाचं जे झालं तेच त्यांचं झालं.

आता भुताचं बघा. कॉन्ज्युरिंगचा लास्ट राइट्स २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आला, उन्हाळ्यातला नाही पण चाल कळायला उत्तम आहे. भारतात पहिल्या तीन दिवसात पन्नास कोटीच्या आसपास, इंग्लिश भुताच्या पिक्चरला एवढं म्हणजे प्रचंड, आणि पूर्ण रन किती तर ऐंशीच्या थोडं वर. दोन पट सुद्धा नाही. सोमवारी आकडा एकदम शुक्रवारच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आला. तुमचे अडतीस जण आठवले मला ते बघून.

असं का होतं, तर भुताचा पिक्चर बघणारा ठरलेला आहे. कॉलेजची पोरं, पाच सहा जणांचा घोळका, त्यांना पहिल्या दिवशीच बघायचा असतो कारण शनिवारी कोणीतरी शेवट सांगून टाकणार, आणि भरलेल्या हॉलमध्ये एकदम किंचाळायची जी मजा आहे ती रिकाम्या हॉलमध्ये येत नाही. म्हणजे ज्याला यायचं तो तीन दिवसात येऊन जातो, मागं कोणी उरतच नाही. पोरांच्या पिक्चरला बघणारा एक आणि ठरवणारा दुसरा. पोरगं सोमवारपासून हट्ट धरतं, बापाला सुट्टी रविवारी, आईला विचारायचं असतं की शेजारचे बघून आले ते काय म्हणाले, मग कुठं तिकीट निघतं. उशीर होणारच त्याला.

पण सगळे भुताचे एका माळेतले नाहीत हे पण सांगतो. मुंज्या आठवा, ७ जून २०२४. आपल्या कोकणातलं भूत, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी माणूस, मोठा स्टार कोणी नाही. शुक्रवारी चार कोटीच्या आसपास. आणि सोमवारी परत चारच्या आसपास. सोमवार जर शुक्रवारच्या बरोबरीला उभा राहिला तर तो पिक्चर लांब जाणार, आणि गेलाच, भारतात शंभर कोटी पार झाले. कारण तो भुताचा असला तरी हसवणारा होता आणि यूए होता, आई बाप पोरांना घेऊन जाऊ शकत होते. म्हणून काका पोस्टरवर आधी सर्टिफिकेट बघा. ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, असेल तर शनिवार रविवारचंच सामान भरा. यूए असेल आणि विनोदी असेल तर पोरांच्या पिक्चरसारखं धरा.

एक गोष्ट उलट बाजूची पण. चाल चांगली म्हणजे गर्दी मोठी असं नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये एलिओ आला, बघणाऱ्यांना आवडला, चाल साडेतीन पटीची, पण सुरुवातच २१ मिलियनच्या आत, पिक्सार ह्या ॲनिमेशन कंपनीच्या सगळ्यात कमी ओपनिंगपैकी, त्यामुळं साडेतीन पट होऊन पण ७३ मिलियन फक्त. शून्याला कशानं पण गुणा.

केए२२_सेकंड_शो

मास्तरांनी सांगितलं ते बरोबर पण ते सगळं कोटीत आणि डॉलरात. काकाला कोटी घेऊन काय करायचंय, त्याला डोकी मोजायची आहेत की.

मी चार वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसलोय म्हणून सांगतो. एकाच हॉलचं एकाच दिवसाचं कलेक्शन सारखं असलं तरी माणसं सारखी नसतात. भुताच्या पिक्चरला रात्रीचे शो भरतात, बाल्कनी आधी जाते, रेट जास्त. पोरांच्या पिक्चरला मॉर्निंग आणि मॅटिनी भरतात, रेट कमी. म्हणजे तेवढ्याच पैशात डोकी जास्त, आणि डोकी पण कसली, खाणारी. भुताच्या पिक्चरला आलेला घोळका कोल्ड्रिंक घेतो, पॉपकॉर्न एकात चौघं खातात. पोराला वेगळं लागतं, त्याच्या बहिणीला वेगळं लागतं, आजीला चहा लागतो.

रेटचं पण डोक्यात ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं तिकीट २०० वर टॅक्स असं बांधून टाकलं होतं, त्याच महिन्यात हायकोर्टानं त्याला स्टे दिला. आणि जीएसटी शंभरपर्यंतच्या तिकिटावर १२ चा ५ टक्के झाला त्याच वेळी, शंभरच्या वर १८ च. म्हणून जुन्या कलेक्शनचे आकडे घेऊन आत्ताच्याशी लावू नका गा, डोकी किती हेच लिहून ठेवा. डोअरकीपरकडं फाडलेल्या तिकिटाचे तुकडे असतात, शो सुटल्यावर विचारलं तर सांगतो तो.

आता खिडकीतनं काय दिसतं ते ऐका. भुताच्या पिक्चरचं ॲडव्हान्स बुकिंग जेवढं दिसतं तेवढंच जवळजवळ पिक्चर असतो, बुधवारी गुरुवारी ॲपवर भराभरा जातं आणि नंतर खिडकीवर फार काय येत नाही. पोरांच्या पिक्चरला ॲडव्हान्स नसतंच. बाप शो सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी येतो, गाडी लावायला जागा नाही म्हणून वैतागलेला असतो, आणि पाच तिकिटं मागतो. मी नेहमी एकच बघायचो, शनिवारी मॅटिनीला खिडकीवर चार चार पाच पाचची तिकिटं जाऊलेत काय. जाऊ लागली की रविवार गेला समज, फुल्ल. एक दोन एक दोन जाऊलेत तर रविवार बेताचाच. हे मला चार वर्षात दोनदाच चुकलं आणि दोन्ही वेळा पाऊस होता.

खानापूरच्या_बाई

मी शिक्षिका आहे, खानापूर तालुक्यात. आकड्यातलं मला ह्या दोघांएवढं कळत नाही पण पोरं कधी मोकळी असतात ते कळतं आणि ते कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

अमेरिकेत उन्हाळा म्हणजे मे ते ऑगस्ट. तिथल्या शाळा मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये सुटतात म्हणून तिकडचे बरेच मोठे ॲनिमेशन पिक्चर जून-जुलैमध्ये काढतात. आपली कर्नाटकातली शाळा एप्रिलच्या मध्याला सुटते आणि मेच्या शेवटी परत सुरू. म्हणजे तिकडं पोरांची सुट्टी सुरू होते तेव्हा आमच्याकडं हजेरी, पुस्तकं, गणवेश ह्याची धावपळ चालू. फीचा महिना. पालकांच्या खिशात सिनेमाला काही उरलेलं नसतं आणि वर खानापूरचा पाऊस, जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर इकडनं बेळगावला पोराला सिनेमासाठी नेणारा पालक मी अजून पाहिला नाही. म्हणून दादा, अमेरिकेचा जूनचा अंदाज बघून इथं सामान भरलंत तर चुकणारच. पिक्चर तोच आहे पण बघणारा वर्गात बसलाय.

उलट इथल्या सुट्टीत जो येतो त्याचं सोनं होतं. २०१६ ला जंगल बुक आपल्याकडं ८ एप्रिलला लावला होता, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. तो माणूस आणि जनावरं असा मिळून केलेला होता पण पोरांसाठी कार्टूनच. मी स्वतः वर्गातल्या पोरांच्या तोंडून सुट्टी संपल्यावर महिनाभर तोच ऐकला.

आणि बेळगावचं म्हणून एक. अक्षय तृतीयेच्या आसपास आपली पारंपरिक शिवजयंती आणि त्यानंतर चित्ररथाची मिरवणूक. त्या रात्री शहरातलं कोण थिएटरात बसणार आहे? आमच्या गावातनं टेम्पो भरून लोक जातात चित्ररथ बघायला. त्या दिवशी फर्स्ट शो सेकंड शो दोन्हीचं सामान निम्म्याहून कमी करा, पिक्चर कुठला पण असू दे. मिरवणूक बघायला आलेले दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांकडे राहिलेले असतात, त्यांची पोरं मॅटिनीला येतात, ते मात्र धरा.

चंदगडकर

बाईंचं बरोबर पण फक्त कर्नाटकापुरतं. आमच्या चंदगड, गडहिंग्लज बाजूला महाराष्ट्राच्या शाळा, त्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे मेचा शेवट ते साधारण १५ जून ह्या पंधरवड्यात तुमच्याकडची पोरं शाळेत आणि आमच्याकडची मोकळी. आणि आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, कपडे, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावला. आई खडेबाजारात खरेदी करती आणि बाप पोरं घेऊन थिएटरात, हे आमच्या घरचंच सांगतो. मुंज्या ७ जूनला आलेला ना, आम्ही त्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी बघितला, बेळगावात, शाळेची पोरं घेऊन. मंगळवारी! तेव्हा काकांनी त्या पंधरवड्यात बाहेर पार्किंगमध्ये एमएच ०९ च्या, म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या गाड्या किती दिसतात ते बघावं, वारांवर जाऊ नये.

दुसरं म्हणजे मला सुट्टीचा हिशोब पूर्ण पटत नाही. २५ जुलै २०२५ ची तारीख बघा. ना सुट्टी ना सण, पाऊस धो धो. त्या एकाच दिवशी दोन पिक्चर लागले, महावतार नरसिंह हा ॲनिमेशन, आणि सु फ्रॉम सो हा कन्नड, भुताचा आणि विनोदी. दोन्हीत मोठा हिरो नाही. नरसिंहची पहिल्या दिवसाची कमाई पावणेदोन कोटीच्या आसपास सगळ्या भाषा मिळून, सु फ्रॉम सो ची एक कोटी पण नाही. कोण म्हणालं असतं हे चालतील? नरसिंह त्याच रविवारी साडेनऊच्या आसपास गेला आणि दुसऱ्या रविवारी वीसच्या वर, शेवटी दोनशे कोटी कधी पार झाले कळलं नाही. सु फ्रॉम सो नं जगभरचे मिळून शंभर कोटी ओलांडले, तेवढ्याशा बजेटवर. दोन्ही पिक्चर पावसात आणि शाळा चालू असताना. मग सुट्टीचं काय?

खानापूरच्या_बाई

चंदगडकर, नरसिंह आमच्या घरातनं कोण कोण बघायला गेलं सांगू? सासूबाई, त्यांची बहीण, आणि त्यांना न्यायला म्हणून माझे मिस्टर. पोरं शेवटी गेली. सासूबाई थिएटरात वीस वर्षांनी गेल्या असतील, चप्पल बाहेर काढू काय म्हणून विचारलं त्यांनी. तो पोरांचा पिक्चर म्हणून चाललाच नाही, देवाचा म्हणून चालला, आणि देवाला सुट्टी बघून कोण जात नाही. श्रावण लागलेला होता त्यात. परदेशी कार्टूनला मात्र पोरं मोकळी असावीच लागतात, तिथं माझं मत तेच.

मॅटिनी_मास्तर

बाईंनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. माझ्याकडं नरसिंहचे आकडे आहेत पण तो का वाढला ह्याच्यावर मी नुसतं "माउथ पब्लिसिटी" एवढंच लिहून ठेवलेलं, सासूबाई काय माझ्या हिशोबात नव्हत्या.

चंदगडकरांच्या मुद्द्यावर, सु फ्रॉम सो मुंज्याच्या रांगेतलाच, भूत आहे पण घरचे सगळे एकत्र बसून हसतात. खरं घाबरवणारा पिक्चर लांब चालल्याची उदाहरणं आहेत, पण मोजकी. अमेरिकेत सिनर्स २०२५ च्या एप्रिलमध्ये ४८ मिलियनला उघडून पावणेतीनशेच्या वर गेला, तिथं बघून बाहेर पडणाऱ्यांकडनं ग्रेड घेतात सिनेमास्कोअर म्हणून, त्यात भुताच्या पिक्चरला बहुतेक वेळा बी किंवा सी मिळते आणि ह्याला ए मिळाली. म्हणजे लोक बाहेर येताना काय म्हणतात ते तिकडं पण मोजतातच. आणि नावावर जाऊ नका हे पण सांगायचं राहिलं. मेगन ह्या खुनी बाहुलीच्या पिक्चरचा पहिला भाग ३० मिलियनला उघडला होता जानेवारीत, दुसरा भाग २०२५ च्या जूनच्या शेवटी मोठ्या पिक्चरांच्या मध्ये आणून लावला तर १० वर अडकला. पहिला भाग चालला म्हणून दुसऱ्याला तेवढं सामान भरायचं नाही.

केए२२_सेकंड_शो

काका तर म्हणालेच की सुरुवातीला, शो सुटल्यावर लोक काय बोलत बाहेर येतात ते ऐकतो म्हणून. तुमच्याकडं ती ग्रेड फुकट आहे की. भुताच्या पिक्चरला बाहेर येताना पोरं एकमेकाला ढकलून हसूलालीत, कोण कसा ओरडला ते सांगूलालीत तर चांगलं, पण तेवढ्यावर सोमवार भरत नाही. बाहेर येऊन लगेच फोन लावून कोणीतरी घरी "उद्या येऊया सगळे" म्हणाला तर सोमवार भरतो. आणि आयपीएल विसरू नका, मेच्या शेवटाला आरसीबीची मॅच असली की फर्स्ट शोला कोण नाही. २०२५ ला ३ जूनला फायनल जिंकली त्या रात्री सेकंड शोला आम्ही नऊ जणांसाठी पिक्चर लावला.

कॅन्टीनवाला_शहापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं शाळेचं मला सात वर्षात सुचलं नाही, जूनमध्ये पोरांचा पिक्चर पडला की मी पिक्चरलाच नावं ठेवत होतो. आणि एमएच ०९ चं तर रोज डोळ्यासमोर असून बघितलं नाही.

आज समोसेवाल्याशी बोलून आलो. पॉपकॉर्नचे दाणे, लोणी, कोल्ड्रिंकचे क्रेट हे काय लगेच खराब होत नाहीत, ते मी एकदम भरून ठेवीन. अडचण समोसा, वडापाव आणि गिरमिटाचीच. तो आधी म्हणायचा की आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत सांगितलं पाहिजे, बटाटे उकडायला लागतात. मी म्हटलं शनिवारी मॅटिनी सुटल्यावर साडेपाचला सांगतो, खिडकीवर पाच पाचची तिकिटं किती गेली ते बघून. नाही हो करत तयार झाला, शेकडा वीस रुपये जास्त घेणार. देतो म्हटलं. भुताच्या पिक्चरला ए असेल तर सोमवारी समोसा ठेवणारच नाही, नुसतं पॉपकॉर्न आणि चहा.

अजून एक विचारायचं होतं बाई, वडगावची मंगाई यात्रा जुलैमध्ये असते, त्या आठवड्यात वडगाव-अनगोळकडची पोरं शाळेला दांडी मारून मॅटिनीला येतात काय, की घरी पाहुण्यांच्या गडबडीत असतात? मागच्या वर्षी त्या मंगळवारी माझ्याकडं एकदम गर्दी झालेली आणि मला कारण कळलं नव्हतं.

खानापूरच्या_बाई

आमच्या शाळेत नाही पण वडगावला माझी बहीण शिकवते. ती म्हणते यात्रेच्या दिवशी वर्गात निम्मी पोरं नसतात. दुपारी जेवणं झाली की पाहुण्यांची आणि घरची पोरं मिळून दहा बाराचा घोळका बाहेर पडतो. समोसे ठेवा.